लायकीचा दाखला

आमच्या घरात दोन दाखले आहेत. एक माझा, एम.ए.चा. तो सोनेरी पट्टीच्या चौकटीत बसून दिवाणखान्यात, आल्यागेल्याच्या नजरेला पडेल अशा बेताने, गेली वीसेक वर्षे लटकतो आहे. दुसरा अण्णांचा. तो कपाटातल्या बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात असतो. खरे म्हणजे तो एक नाही. एकाच मजकुराचे दहा कागद आहेत, एकावर एक ठेवून सुतळीने बांधलेले. दरवर्षी दिवाळीची झाडलोट निघाली की तो डबा निघतो, बायको विचारते, "हे ठेवायचंय का?" आणि मी म्हणतो, "असू दे."

अण्णा रेल्वेत स्टेशनमास्तर होते. १९७१ साली लागले. नगर जिल्ह्यातून जाणाऱ्या एकेरी मार्गावरच्या एका लहान स्टेशनात त्यांची बरीचशी नोकरी गेली. त्या स्टेशनाचे नाव सांगून उपयोग नाही. मेल गाड्या तिथे थांबत नसत, आणि ज्या थांबत त्यांतून उतरणाऱ्यांना त्याचे नाव ठाऊकच असे. हे दहा कागद म्हणजे तिथले ब्लॉक यंत्र चालवायला अण्णा लायक असल्याचे दाखले. दहा एवढ्याचसाठी, की तो दाखला तीनच वर्षे चालतो. चौथ्या वर्षाच्या पहिल्या दिवशी, काल संध्याकाळपर्यंत बिनचूक गाड्या सोडणारा माणूस, कागदोपत्री त्या यंत्राला हात लावायला नालायक ठरतो.

माझ्या दाखल्यावर अशी काही मुदत नाही. विद्यापीठाने मला एकदा पारंगत ठरवले ते ठरवलेच. उद्या मी सारे विसरलो तरी पारंगतच राहणार.

ते यंत्र मी लहानपणी पुष्कळदा पाहिले आहे. दोन स्टेशनांमध्ये एकच रूळजोडी. तिच्यावर समोरासमोरून दोन गाड्या येता कामा नयेत, एवढीच काय ती अडचण. तिच्यासाठी दोन्ही स्टेशनांत एकेक लोखंडी पेटारा, आणि त्यात धातूचे गोळे. आपल्या पेटाऱ्यातला गोळा काढायचा तर पलीकडच्या मास्तराने घंटीच्या ठोक्यांची देवघेव करून विजेने संमती द्यावी लागे. आणि एक गोळा बाहेर असेतोवर दोन्ही पेटाऱ्यांतून दुसरा काही केल्या निघत नसे. तो गोळा कातड्याच्या पिशवीत, पिशवी वेताच्या कड्याला, आणि कडे ड्रायव्हरच्या हाती. ज्याच्याजवळ गोळा त्याचा रस्ता. न थांबणाऱ्या गाडीला आमचे सांधेवाले मामा फलाटाच्या कडेला उभे राहून ते कडे उंच धरीत, आणि इंजिनातून बाहेर आलेला हात ते अलगद उचलून नेई. ते पाहून मी ठरवून टाकले होते, की मोठेपणी आपण मामाच व्हायचे. मास्तर नव्हे, मामा.

"यंत्रच इतकं हुशार आहे, तर तुमची परीक्षा कशाला घेतात?" असे मी एकदा अण्णांना विचारले होते.

"यंत्र हुशार असतं तोवर मला पगार द्यायची गरजच नाही," अण्णा म्हणाले. "ते बिघडतं त्या दिवसासाठी मला ठेवलंय."

त्या दिवसासाठीच सारी तयारी. दाखल्याची मुदत संपत आली की भुसावळच्या ट्रेनिंग स्कूलमध्ये उजळणीला जावे लागे, आणि शेवटी परीक्षा. जाण्यापूर्वी महिनाभर घरात परीक्षेचे वारे वाहू लागत. नियमांचे पुस्तक इंग्रजीत आणि मी पाचवीत; म्हणून अण्णांनी एका वहीत मराठीतून प्रश्न उतरून मला दिले होते. रात्री जेवणे झाली की आई भांडी आवरी, ताई आपला अभ्यास करी आणि मी पाटावर बसून वडिलांची तोंडी परीक्षा घेई. १९९० साल असावे. आयुष्यात पुढे मी शेकडो मुलांच्या तोंडी परीक्षा घेतल्या. पण मिशा असलेला, आपल्यापेक्षा तीस वर्षांनी मोठा, आणि उत्तर देताना आपोआप ताठ बसणारा असा परीक्षार्थी पुन्हा मिळाला नाही.

"सिग्नल पडत नाही. गाडी बाहेर उभी आहे. काय कराल?"

अण्णा डोळे मिटून सांगू लागत. आधी रूळ मोकळा असल्याची खात्री, मग सांधे बघणे, त्यांना पकड आणि कुलूप घालणे, मग ड्रायव्हरला लेखी परवाना... एकदा त्यांनी परवान्याची गोष्ट कुलपाच्या आधी सांगितली. मी काही बोललो नाही. मला वाटले, सगळे तर सांगितले! अण्णाच थांबले. "पुन्हा विचार," म्हणाले. मी म्हटले, "पण बरोबर होतं की." त्यावर जरा चिडून ते म्हणाले, "क्रम चुकला ना? मग उत्तरच चुकलं. परवाना घेऊन ड्रायव्हर सुटला आणि कुलूप माझ्या हातात, असं झालं असतं."

धुक्याचा प्रश्न मला विशेष आवडे. सिग्नल दिसेनासे झाले की रुळांवर फटाके बांधायचे. इंजिनाचे चाक वरून गेले की ते फुटतात आणि पुढे सिग्नल असल्याचे ड्रायव्हरला कळते. किती फटाके? दोन. एकमेकांपासून किती लांब? दहा मीटर. सिग्नलच्या अलीकडे किती? निदान २७० मीटर. ही संख्या आजही मला झोपेतून उठवून विचारा. त्या वर्षी दिवाळीत, फटाक्यांना पैसे नाहीत म्हणताच, मी मोठ्या शहाणपणाने सुचवले होते, की स्टेशनात कुलुपात डबाभर आहेत, त्यांतला एक आणावा. अण्णा हसले नाहीत. त्यांनी मला हाताला धरून स्टेशनात नेले, डब्यातले फटाके माझ्यादेखत मोजले आणि रजिस्टरातला आकडा दाखवला. त्या दिवाळीला टिकल्यांवरच भागले.

उजळणीला जाताना आई हातावर दही देई. अण्णा पास होत. नापास झाल्याचे मला आठवत नाही. पण जाण्याआधी त्यांच्या पोटात दर वेळी गोळा येई, हे खास. हा गोळा मात्र पलीकडच्या स्टेशनच्या संमतीवाचून येत असे.

दाखल्याइतकीच दुसरी एक परीक्षा असे, डोळ्यांची. रेल्वेत ज्याच्या हाती सिग्नल, त्याच्या नजरेची तपासणी ठरलेल्या मुदतीने होते, आणि वय वाढत जाते तसे दोन तपासण्यांमधले अंतर कमी होत जाते. ठिपक्याठिपक्यांच्या चित्रांतले लपलेले आकडे ओळखायचे, ते इशिहारा नावाच्या जपानी डॉक्टरचे पुस्तक १९१७ सालचे. त्याही आधी, १८७५ साली, स्वीडनमध्ये लागरलुंडाला दोन गाड्यांची टक्कर झाली तेव्हा होल्मग्रेन नावाच्या शास्त्रज्ञाला संशय आला, की कोणाला तरी तांबड्या-हिरव्यातला भेदच कळत नसावा. त्याने रेल्वेच्या माणसांपुढे रंगीत लोकरीच्या लडी ठेवल्या आणि 'हिच्यासारख्या वेचून काढा' म्हणून सांगितले. त्या अपघाताचे कारण खरोखरीच तेच होते का, याबद्दल आजचे अभ्यासक शंका घेतात. पण लोकरीच्या लडींनी एक गोष्ट उघड केली, की ज्याला रंग दिसत नाही त्याला, आपल्याला रंग दिसत नाही, हेही ठाऊक नसते. हे वाक्य मी पहिल्यांदा वाचले तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो. का, ते पुढे सांगतो.

२००१ सालची दिवाळी. मी एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, सुट्टीत घरी आलेला. आईचा फराळ झाला होता, ताईचे लग्न वैशाखात ठरले होते, क्वार्टरच्या दारात आकाशकंदील लागला होता. अण्णा अंगणात उभे राहून रुळांच्या टोकाकडे बघत होते. मला हाक मारून त्यांनी विचारले, "तो शेवटचा सिग्नल तुला कसा दिसतो?"

"लाल."

"रंग नको सांगू. कडा कशी आहे दिव्याची?"

"कडा? गोल आहे. चांगला टिकलीएवढा."

अण्णा काही बोलले नाहीत. त्यांना तो दिवा फुटल्यासारखा, कापसात गुंडाळल्यासारखा दिसत होता, हे आम्हांला चार दिवसांनी कळले. रेल्वेच्या डॉक्टरकडे ते आपल्या पायांनी जाऊन आले तेव्हा. तपासणीची तारीख आठ-नऊ महिने पुढे होती. कोणी बोलावले नव्हते.

त्या रात्री घरात जे झाले ते मला अजून आठवते. आई सहसा आवाज चढवणारी नव्हे. पण ती म्हणाली, "नऊ महिने थांबला असतात तर काय आकाश कोसळत होतं? पोरीचं लग्न तोंडावर आलंय. मांडवात काय सांगायचं, आमचे हे परवापर्यंत स्टेशनमास्तर होते?" मीही तिची बाजू घेतली. मोठमोठे लेखक वाचत होतो तेव्हा. माणसाच्या स्वातंत्र्याबद्दल वगैरे बरेच काही बोललो असेन. माझा वसतिगृहाचा खर्च कुठून येतो, हा मुद्दा त्या वेळी मला सुचला नाही, हे माझे भाग्यच.

अण्णांनी दोघांचेही ऐकून घेतले. मग म्हणाले, "तपासणी नऊ महिन्यांवर आहे गं, पण गाडी आज रात्री साडेदहाला आहे." आणि थोड्या वेळाने, कोणाकडेही न बघता, "पंधरा दिवस मी मामांना विचारतोय, दिवा नीट लागलाय का, दिवा नीट लागलाय का. दुसऱ्याच्या डोळ्यांनी गाड्या सोडतोय मी."

वरच्या वर्गात ते बसले नाहीत. पगाराला धक्का लागला नाही. पण स्टेशन गेले, रात्रपाळी गेली, क्वार्टर गेले. मोठ्या गावातल्या एका कचेरीत त्यांना टेबल मिळाले आणि २००८ मध्ये निवृत्त होईतो त्यांनी तिथे कागदांना टाचण्या लावल्या. ताईचे लग्न ठरल्या दिवशी झाले. व्याह्यांनी काही विचारले नाही. विचारले असते तर बरे, असे आईला वाटत राहिले. अण्णांचा दहावा दाखला त्या वेळी चांगला चालू होता. मुदत शिल्लक असलेला तो एकच.

आता माझे सांगतो. मी मराठी शिकवतो. ग्रामीण जीवनावरचा एक उतारा आमच्या पाठ्यपुस्तकात वर्षानुवर्षे होता, आणि त्यात 'पाभर' हा शब्द होता. पाभर म्हणजे ढेकळे फोडून जमीन सारखी करायचे अवजार, असे मी हातवारे करून सांगत असे. फळ्यावर चित्रसुद्धा काढी. सात वर्षे सांगितले. आठव्या वर्षी मागल्या बाकावरची एक मुलगी उठली आणि अतिशय अदबीने म्हणाली, "सर, तुम्ही सांगताय तो कुळव. पाभरीनं पेरतात." वर्ग हसला. मीही हसलो, तिला शाबासकी दिली, फळा पुसला. घरी येताना मात्र हिशेब करू लागलो, की सात वर्षांची मुले म्हणजे किती? ती सगळी आज कुठेतरी पाभरीने ढेकळे फोडीत असतील. त्यांना कोण सांगणार? आणि हा एक शब्द एका मुलीने पकडला म्हणून कळला. न पकडलेले आणखी किती आहेत? सात वर्षांत मला एकदाही कोणी पाटावर बसवून विचारले नव्हते.

नाही म्हणायला आम्हां प्राध्यापकांनाही उजळणीचे वर्ग असतात. तिथे चहा चांगला मिळतो आणि सगळे पास होतात. असो.

हे सारे एकत्र मनात आले ते २०२३ च्या दिवाळीत. माझा एक जुना विद्यार्थी फराळाला आला होता. अकरावी-बारावीला माझ्या हाताखाली होता. मराठीत काठावर पास. पुढे डिप्लोमा करून रेल्वेच्या सिग्नल खात्यात ज्युनियर इंजिनियर झाला. १९५७ सालापासून सिकंदराबादला सिग्नलचे शिक्षण देणारी रेल्वेची संस्था आहे, तिथे शिकून आला. अण्णा आता पंचाहत्तरीचे. दोन्ही डोळ्यांच्या शस्त्रक्रिया झालेल्या, नजर माझ्यापेक्षा बरी. सिग्नलवाला आला म्हणताच आतल्या खोलीतून बाहेर येऊन बसले.

बोलणे साहजिकच बालासोरकडे वळले. त्या वर्षी २ जूनला ओडिशात बहानगा बाजार स्टेशनात कोरोमंडल एक्स्प्रेस मुख्य मार्गाऐवजी लूप लाइनमध्ये शिरली, उभ्या मालगाडीवर आदळली आणि दोनशे नव्वदहून अधिक माणसे गेली. सिग्नल हिरवा होता. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत दोष निघाला तो सिग्नलच्या तारांच्या जोडणीत केलेल्या फेरफाराचा. (हे आयुक्त रेल्वेच्या नव्हे, विमान खात्याच्या मंत्रालयाखाली असतात. ज्याची परीक्षा घ्यायची त्याच्या हाताखाली परीक्षक नसावा, हे शहाणपण कोणाला सुचले असेल त्याला माझा नमस्कार.)

"आम्हांला क्लॅपहॅमची गोष्ट शिकवतात," तो मुलगा म्हणाला, आणि लाडू बाजूला ठेवून त्याने ती सांगितली. लंडनमधल्या क्लॅपहॅम जंक्शनला १९८८ मध्ये जुने सिग्नल बदलून नवे घालण्याचे काम चालू होते. नोव्हेंबरच्या एका रविवारी एका कारागिराने एक जुनी तार एका टोकाला सोडवली. पण तिचे टोक छाटले नाही, बांधले नाही, नुसते बाजूला वाकवून ठेवले. दुसरे टोक जोडलेलेच राहिले. काम झाल्यावर दुसऱ्या माणसाने तारा मोजायच्या असतात. कोणी मोजल्या नाहीत. दोन आठवड्यांनी शेजारचे काम करताना ती तार हलली आणि आपल्या जुन्या जागी जाऊन टेकली. १२ डिसेंबरच्या सकाळी एका ड्रायव्हरला सिग्नल भलताच बदलताना दिसला, म्हणून नियमाप्रमाणे गाडी थांबवून तो टेलिफोनवर कळवायला उतरला. पाठीमागच्या सिग्नलने लाल व्हायला हवे होते. ते झाले नाही. पस्तीस माणसे गेली.

"तो कारागीर निष्काळजी होता?" मी विचारले.

"नाही ना सर! तेच तर. चांगला, कष्टाळू म्हणून नाव होतं त्याचं. तेरा आठवड्यांत एक दिवस सुट्टी घेतलेली. तो तसंच काम करत आला होता वर्षानुवर्षे. हे चूक आहे असं त्याला कधी कोणी सांगितलंच नव्हतं."

मला पाभर आठवली. मी गप्प बसलो.

त्या अपघाताची चौकशी अँथनी हिडन या कायदेपंडिताने केली. १९८९ च्या त्याच्या अहवालात ९३ शिफारशी आहेत. पुढे १९९४ पासून तिकडच्या सिग्नल इंजिनियरांच्या संस्थेने परवान्याची पद्धत सुरू केली. नुसता पेपर लिहून भागत नाही. माणूस कामावर असताना त्याच्या शेजारी उभे राहून त्याचे हात बघतात, केलेल्या कामांची नोंदवही तपासतात, आणि मुदत संपली की पुन्हा. अमुक कामाचा परवाना म्हणजे अमुकच कामाचा. तार जोडणाऱ्याला तपासणाराचे काम करता येत नाही. विद्यार्थी हे सांगत होता आणि अण्णा मान हलवीत होते. त्यांना त्यात नवल काही वाटत नसावे.

मला मात्र राहवले नाही. मी म्हटले, "पण परवाना खिशात असूनही तेरा आठवडे न झोपलेला माणूस काय करील? दाखला त्याला झोप थोडीच देतो?"

"नाही देत," मुलगा म्हणाला. "रात्री दीड तासाचा ब्लॉक मिळतो, सर. त्यात काम संपवायचं. वरून फोन चालू असतो, झालं का, झालं का." एवढे बोलून त्याने जरा चाचरत अण्णांकडे पाहिले. "खरं सांगू का आजोबा, कधी कधी मास्तर म्हणतात, आधी काम उरक, मेमो मागनं लिहू."

अण्णांनी चष्मा काढला. सिग्नलच्या कोणत्याही भागाला हात लावण्यापूर्वी सिग्नलवाल्याने मास्तराला लेखी मेमो द्यायचा, मास्तराने सही करून तो भाग कामातून काढल्याचे मान्य करायचे, आणि काम झाल्यावर तपासणी करून तसाच दुसरा कागद. टी-३५१ म्हणतात त्या कागदाला. माझ्या वहीत त्यावर एक प्रश्न होता.

"मग तू काय करतोस?" अण्णांनी विचारले.

मुलगा ताठ बसला. मी ती बैठक ओळखली. "एकदा केलं तसं," तो म्हणाला. "गेल्या वर्षी. काही झालं नाही. पण तीन रात्री झोप आली नाही. त्यानंतर नाही. मेमोवर सही पडल्याशिवाय पेटीचं कुलूप काढत नाही. शिव्या खातो."

अण्णांनी 'शाबास' म्हटले नाही. तो शब्द त्यांच्या वापरात नाही. त्यांनी लाडवाची बशी त्याच्याकडे सरकवली आणि प्रश्न घातला, "मेमो दिलास. सही मिळाली. आता पेटी उघडलीस. पहिलं काय बघशील?"

तो सांगू लागला. अण्णा डोळे मिटून ऐकत होते. एका जागी त्यांनी बोट वर केले. तो थांबला, मनाशी काही जुळवले, "चुकलो, आधी ते," म्हणाला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितले. बायको चहा घेऊन आली ती दारातच उभी राहिली. बाहेर मुले सुतळी बॉम्ब लावीत होती.

उत्तर पुरे झाल्यावर अण्णांनी विचारले, "कॉम्पिटन्सी कधी संपते तुझी?"

खिशातले कार्ड न काढता त्याने दिवस, महिना आणि साल सांगितले.